शेजारची खुर्ची

टेबलावरच्या पेल्यातलं पाणी पंख्याच्या प्रत्येक फेरीला किंचित थरथरत होतं. समितीकडे पाहवेना, म्हणून मी तेच पाहत होते. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत मी लावलेली पाण्याची नळी निसटली, खालच्या मजल्यावरचं विभागप्रमुख मॅडमचं उपकरण भिजलं आणि त्यांच्या तक्रारीवरून मी निलंबित झाले. अपिलाच्या सुनावणीला सोबत सहकारी आणता येतो. माझ्यासोबत कुणीच आलं नव्हतं. मॅडम आल्या, माझ्याशेजारी बसल्या. “तक्रारदार समोर बसतात, मॅडम,” अध्यक्ष म्हणाले. “ठाऊक आहे. नव्या नळ्या हिने मागितल्या होत्या. ‘जुन्यांवर भागव’ असं मीच म्हणाले.” “मग ठपका तुमच्यावर येतो.” “येऊ द्या. तक्रार मी उपकरण वाळायच्या आधी केली. डोकं ताळ्यावर नव्हतं.” मी टेबलाखाली त्यांचा हात धरला. अध्यक्षांनी सदस्यांकडे पाहिलं आणि कित्येक महिने अडलेल्या अपिलाचा निर्णय सांगितला, “निलंबन रद्द. उद्यापासून कामावर या.”