चेंडू कुठे गेला

"हा क्लब बदलावा म्हणतो," काका हातातली काठी दाखवत गोल्फच्या कोचला म्हणाले. "दोन महिने झाले, एक चेंडू धड जात नाही."

कोचने त्यांना चार फटके मारायला लावले. चारही चेंडू गवत घासत गेले.

"क्लबचा काही दोष नाही, काका. फटका बसायच्या आधीच तुम्ही मान वर करता. चेंडू कुठे गेला ते बघायची घाई."

"आजवर कधी केली नाही. लग्न झाल्यापासून मान वर करायची सवयच नाही."

कोच हसला. "मग आताच का?"

काकांनी क्लबची मूठ रुमालाने पुसली. "चेंडू तुझी काकू बघायची ना. मी खाली बघून मारायचो आणि ती मागे उभी राहून सांगायची, 'गेला तुमचा झाडीत.' ती गेल्यापासून माझं मलाच बघावं लागतं."

कोच त्यांच्या मागे जाऊन उभा राहिला. "आज मी बघतो. तुम्ही मान खालीच ठेवा."

फटका छान बसला. हातांना कळलाही नाही, इतका छान.

"एकदम सरळ गेला, काका. बघा तरी."

"बघतो. तू जरा वेळ काही बोलू नकोस."

चेंडू होता तिथल्या गवताकडे ते बघत राहिले. मान खाली होती तोवर, मागे कोण उभं आहे ते त्यांना दिसत नव्हतं.