रोबोचं कपाळ

बारावं दारही नापास झालं.

रोबोने मान वळवली, दारावर आपला एकुलता एक डोळा रोखला आणि पडद्यावर पुन्हा तोच शेरा उमटला: डाग, पिवळा, मधोमध लाल. बारा मुलींनी मोटारीची बारा दारं जुळवली होती आणि बाराजणींनी म्हणे एकाच जागी एकच डाग पाडला होता. इतकी एकजूट दक्षिणेतल्या ओरगडमच्या त्या कारखान्यात युनियनलाही कधी जमली नव्हती.

नल्लतंबी मास्तरांनी या मुलींना सहा महिने शिकवलं होतं. वर्गाचं नाव ‘उद्याचे कामगार’. मास्तर स्वतः कालचे, खरं तर परवाचे. पण त्या पाटीखाली उभं राहिलं की माणूस उद्याचा दिसतो, असा त्यांचा समज होता. आज पास झाल्या तर मुलींना कायमची नोकरी. नापास झाल्या तर संध्याकाळच्या बसने घरी. त्यांतल्या कुयिलीच्या आईने तर नापास झाल्यास तिकडच्या रीतीप्रमाणे धाकट्या मामाशी लग्न लावायचं ठरवलंच होतं. मामाने सदराही शिवून घेतला होता.

“परत बघा,” कोरियाहून आलेले हान साहेब म्हणाले. तिसऱ्यांदा.

रोबोने परत बघितलं. परत नापास.

“मास्तर, तुम्ही बघा. जवळून बघा.”

मास्तरांनी दार जवळून बघितलं. चष्मा लावून बघितलं, चष्मा काढून बघितलं, बोट फिरवून बोटाचा वासही घेतला. बावीस वर्षं दारं बसवलेला माणूस. नुसत्या आवाजावरून बिजागरीची तब्येत सांगायचा. शेवटी कंबर सरळ करताना त्यांची आणि रोबोची नजरानजर झाली.

रोबोच्या डोळ्यावर चंदनाचं गंध होतं. गंधावर कुंकू.

परवाच आयुधपूजा, म्हणजे अवजारांची पूजा झाली होती; काल सुट्टी. मास्तरांनी पाने, हातोडे, ड्रिल, पंखे, कॉफीचं यंत्र, सगळ्यांना गंध लावलं होतं. रोबोपाशी मात्र दहा मिनिटं अडले होते. त्याचं कपाळ कुठे असतं, हे एकशेऐंशी पानांच्या माहितीपुस्तकात कुठेच दिलेलं नव्हतं. मग सपाट, गोल, चकचकीत अशी एक जागा सापडली. अंगठा तिथे काय नेमका बसला होता!

आता तोंड उघडावं तर नोकरी जाणार. गेल्या वर्षी पूजेचं लिंबू रोबोच्या पायाखाली ठेवून त्यांनी अख्खा कारखाना दिवसभर बंद पाडला होता. तेव्हाच साहेबांनी लेखी दिलं होतं, पुढची चूक शेवटची. निवृत्तीला अकरा महिने उरले होते. मास्तरांनी छातीचा कोट केला आणि गप्प बसायचं ठरवलं.

तेवढ्यात कुयिलीने कामाची टोपी काढली, नीट घडी घातली आणि टेबलावर ठेवली.

“साहेब,” मास्तर म्हणाले, “दोष दारांत नाही. रोबोच्या डोळ्यात आहे. ते गंध मी लावलं. कपाळ समजून.”

त्यांनी स्वतःच्याच रुमालाने तो डोळा पुसला. बाराही दारं पास झाली.

हान साहेब मुलींकडे वळले. “हे गंध सकाळपासून कुणाकुणाला दिसलं होतं?”

बारा हात वर झाले.

“अगं बायांनो!” मास्तर ओरडले. “सहा महिने काय घसा फोडला मी? दोष दिसला की ओरडा, काम थांबवा!”

“पूजेचं गंध पुसायचं कसं, मास्तर?” कुयिली म्हणाली. “आम्हाला वाटलं, यामागे तुमचं काही शास्त्र असेल.”

“मामाशी लग्न लागलं असतं तुझं!”

“त्यालाही या रोबोसमोर उभा केला असता. तोही नापास झाला असता.”

मास्तरांनी डोक्याला हात लावला. दोष बघून गप्प बसणाऱ्याला दारात उभं करायचं नाही, हा साहेबांचा नियम सगळ्यांना पाठ होता. साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. परत लावलं.

मग हळूच तेरावा हात वर झाला. हान साहेबांचा.

“गेल्या वर्षी मी माझ्या गाडीवरचं गंध पुसलं,” ते जमिनीकडे बघत म्हणाले. “ड्रायव्हर आठ दिवस बोलला नाही माझ्याशी.”

आणि त्यांनी नोकरीच्या बाराही पत्रांवर सह्या केल्या.

मास्तरांनी हात मोजले. खोलीत माणसं चौदा, हात तेरा. ज्याला वेळेवर काहीच दिसलं नव्हतं असा एकच इसम उरत होता, आणि ‘दोष कसा ओळखावा’ हा विषय तोच शिकवत होता.

“आणि मी, साहेब? घरी जाऊ?”

“छे. उद्या नऊला वर्गात या,” हान साहेब म्हणाले. “बाकावर बसा. कुयिली शिकवेल.”