आतल्या बाजूनं

सुभद्राबाई दार वाजवत होती. आतून.

आधी हळू, मग तळहातानं, मग दोन्ही मुठींनी. बाराव्या मजल्यावरचं ते जाड दार. त्याला कडी नव्हती, किल्लीचं भोकसुद्धा नव्हतं. ते उघडायचं फोनवरून. आतल्या बाजूला एक बटण होतं, पण ते मुलानं, नवनाथनं, बंद करून टाकलं होतं. सयाजीनं बायकोचा हात धरून तिला मागं ओढायचा प्रयत्न केला, तेव्हा तिनं त्याला ओरबाडलं. त्याच्या मनगटावर रक्ताची बारीक रेघ उमटली.

"घरी जायचंय मला," ती म्हणत होती. हे घरच आहे, असं त्यानं समजावून सांगून पाहिलं. तिनं एकदा मागं वळून बघितलं. सोफा, टीव्ही, पांढऱ्याशुभ्र भिंती. आणि पुन्हा दार वाजवायला लागली.

गेल्या आठवड्यात जेवणानंतर सयाजीचा डोळा लागला आणि ती तशीच उठून चालू पडली. डांगे चौकात भर रस्त्यात उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला गावाकडची, गेवराईची गाडी कुठं लागते ते विचारत होती. ओळखीच्या फळवाल्यानं बघितलं म्हणून परत आली. दुसऱ्याच दिवशी नवनाथनं माणूस बोलावून हे कुलूप बसवून घेतलं. सयाजीच्याही फोनात त्याचं ॲप घालून दिलं होतं. पण त्याचं बोट भलतीकडं लागलं नि दार दिवसभर उघडंच राहिलं, तेव्हा त्याच्या फोनातनं काढून टाकलं. आबा, तुम्हाला नाही जमायचं ते, असं नवनाथ रागानं नव्हे, अगदी समजुतीनं म्हणाला होता.

बाहेरून समोरच्या फ्लॅटमधल्या मुलीचा आवाज आला. काका, काही प्रॉब्लेम आहे का, सोसायटीच्या ग्रुपवर टाकू का, असं ती विचारत होती. सयाजीनं दाराला तोंड लावून सांगितलं, काही न्हाई, टाकू नको. मग लिफ्टचं दार मिटल्याचा आवाज आला.

त्यानं नवनाथला फोन लावला. चाकणच्या कंपनीत शिफ्टला जाताना फोन गेटवरच जमा करावा लागतो, हे त्याला ठाऊक होतं. तरी लावला. रिंग वाजून वाजून बंद झाली. मग त्यानं सुनेला लावला.

करिष्मा मीटिंगमधून उठून बाहेर आली असावी. दबक्या आवाजात बोलत होती. दार वाजलं की तिच्या फोनवर कळायचं, त्यामुळं काय चाललंय ते तिला सांगावं लागलं नाही. सयाजी म्हणाला, जरा वेळ दार उघड, खाली बागेत एक चक्कर मारून आणतो, मोकळं वाटंल तिला.

"आबा, मी उघडते. इथून बसल्या जागी उघडेल. पण आई हात सोडवून निघाल्या, तर तुम्हाला धरवतील का?"

सयाजीनं मनगटाकडं बघितलं. सकाळी संडासात जाताना तो स्वतः भिंत धरून गेला होता.

"न्हाई धरवायची," तो म्हणाला.

त्यावर करिष्माचा आवाज फुटला. मी तरी काय करू आबा, असं म्हणत ती भराभर बोलत सुटली. रजा संपलीय, आईंकडं बघायला ठेवलेली बाई चार दिवसांत पळून गेली, नवनाथला तर आधी विषयच काढलेला चालत नव्हता. शेवटी दोघांनी मिळून तळेगावकडं एक जागा बघून ठेवलीय. असल्याच आजाराच्या माणसांची. चांगली आहे, नर्स असतात. फक्त आईंना न्यायचं, तुम्ही आमच्याजवळच राहायचं. रविवारी तुमच्याशी बोलणारच होतो.

सयाजी ऐकत राहिला. दारावर मुठी पडतच होत्या. त्यानं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तिथं बी असलंच दार आसंल ना?"

पलीकडून कुणीतरी इंग्रजीत करिष्माला हाक मारली.

"जा तू," सयाजी म्हणाला. "नको उघडूस."

त्यानं फोन टेबलावर पालथा घातला.

सुभद्राबाई दमली होती. तिचे हात खाली आले. दाराला पाठ लावून ती त्याच्याकडं बघत राहिली, एखाद्या ऑफिसातल्या साहेबाकडं बघावं तशी. मग तिनं आवाज मऊ केला.

"भाऊ, तुमी चांगले माणूस दिसता. तेवढं दार उघडा. आमचे मालक वाट बघत आसतील. त्यांना भूक न्हाई निघत."

नाव तिच्या ओठांवर आलं तर त्या नावामागनं आपणही तिला दिसू, असं सयाजीला वाटून गेलं. तो तिच्याजवळ सरकला.

"काय नाव मालकांचं?"

सुभद्राबाईनं मान खाली घातली. सुरकुतलेल्या गालांवर लाज उतरली.

"नाव कसं घ्यावं, भाऊ," ती पुटपुटली.

आणि परक्या माणसासमोर आपण उघड्या डोक्यानं उभ्या आहोत, हे ध्यानात आल्यासारखा तिचा हात खांद्याकडं गेला. घालायला-काढायला सोपा म्हणून करिष्मानं आणलेला गाऊन होता तिच्या अंगात. त्याला पदर नव्हता. तरी तिची बोटं खांद्यावर चाचपत राहिली.