हर्शेलच्या खुर्चीवर

"मानपत्र आधी की गाणं आधी?" म्हाताऱ्या गायिकेनं, आर्डिथनं, विचारलं.

"गाणं आधी, मिस आर्डिथ," ब्राइस म्हणाला. "लोक रडले पाहिजेत. मग मानपत्र."

ब्राइस रेडिओ कार्यक्रमाचा नवा व्यवस्थापक. डोक्यावर गुराख्याची टोपी, पण गाय त्यानं फक्त बर्गरमध्ये पाहिलेली. स्टेजवर गवताचे भारे रचले होते, तेही प्लास्टिकचे. खऱ्या गवतानं म्हणे प्रायोजकांना शिंका येतात. मानपत्रावर छापलं होतं: 'परंपरागत कंट्री संगीतावरील आजन्म प्रेमाबद्दल'. आणि ते छापून घेणाऱ्यांनी गेल्याच महिन्यात सगळ्या वादकांना घरी धाडलं होतं. ज्या खुर्चीवर बसून हर्शेल पेनिक्सनं एक्केचाळीस वर्षं स्टील गिटार वाजवली, तिच्यावर आता एक लॅपटॉप बसला होता. सगळी वाद्यं त्याच्या पोटात.

आर्डिथला या थेरांची किळस होती. पण हर्शेलला काढायच्या आधी ब्राइसनं तिला विचारलं, तेव्हा ती म्हणाली होती, "वाजवणारे येतात नि जातात. लोक मला ऐकायला येतात." तालमीलाही ती फिरकली नाही. "तुझा बाप लंगोटात होता तेव्हापासून मी हे गाणं गातेय, पोरा. तालीम त्या डब्याची घे."

शनिवार, दुपारचे चार. केंटकीच्या डोंगरात घरोघरी रेडिओ लागलेले. स्टेजवरचा थेट प्रक्षेपणाचा लाल दिवा पेटला.

गाणं तिच्या आईचं. खाणीत मेलेल्या नवऱ्याचा कोट दर रविवारी झटकून ठेवणाऱ्या बाईचं. त्यातल्या तिसऱ्या ओळीचा शेवटचा शब्द आर्डिथ श्वास पुरेल तोवर धरून ठेवायची. तीच तिची ख्याती. 'काळ हिच्यासाठी थांबतो' असं पेपरवाले लिहायचे, आणि ती कात्रणं तिनं दिवाणखान्यात फ्रेम करून लावली होती.

तिनं शब्द धरला.

लॅपटॉप थांबला नाही. थांबा न घेणाऱ्या बससारखा तो सरळ पुढच्या ओळीवर निघून गेला. दुसऱ्या कडव्यापर्यंत आर्डिथ एक अख्खी ओळ मागे पडली. धापा टाकत तिनं त्याला गाठलं, तर पुन्हा तीच जागा आली आणि पुन्हा तो निघून गेला. पहिल्या रांगेतले लोक आपापले बूट निरखायला लागले. "वय झालं बिचारीचं," एक बाई कुजबुजली.

आर्डिथच्या ओठांवर शिव्या आल्या. डब्यासाठी, ब्राइससाठी, त्या प्लास्टिकच्या गवतासाठी. तिनं रागानं मागं वळून खुर्चीकडे पाहिलं, आणि शिव्या ओठांवरच राहिल्या. तिचा शब्द लांबला की हर्शेल एकच सूर रडवत ठेवायचा. तिचा श्वास संपला की बाकीच्यांना हळूच घेऊन पुढं निघायचा. एवढ्या वर्षांत गाताना ती एकदाही अशी मागं वळली नव्हती.

ती गायची थांबली.

ब्राइस पळत आला. माइकवर पंजा दाबून, लोकांकडे बघून हसत, दातांतल्या दातांत म्हणाला, "यंत्र बिघडलं म्हणून सांगतो. तुम्ही नुसतं हसा, मिस आर्डिथ. मानपत्र घ्या आणि घरी जा. ताल सुटल्याचं कुणाला कळणारसुद्धा नाही."

तिनं त्याचा पंजा धरला आणि माइकवरून बाजूला केला.

"डबा चांगला आहे," ती सगळ्या डोंगराला ऐकू जाईल असं म्हणाली. "ताल माझा पहिल्यापासूनच सुटतो. हर्शेल कुणाला कळू देत नव्हता."