आगामी चित्रपट : ‘कायमचे बंद’

गल्लीतलं छोटं थिएटर अखेर कायमचं बंद झालं. पण तसं काही झालंच नाही, असं ते चालवणाऱ्या मावशींनी ठरवून टाकलं.

पालिकेच्या साहेबांनी दाराला कुलूप ठोकून ‘कायमचे बंद’ हा हुकूम चिकटवला, तो नेमका ‘आगामी चित्रपट’च्या चौकटीत. मावशींनी खाली खडूने लिहिलं, ‘माहितीपट. शनिवारी, बाहेरच्या भिंतीवर.’

शनिवारी ही भली मोठी रांग! साहेब धावत आले. “मावशी, हा काय तमाशा?”

“तमाशा कसला, तुमचंच काम आहे त्यात. हुकूम चिकटवताना काय शोभता हो! फक्त शेवट पडेल झालाय.” मावशींनी मोबाइलचा कॅमेरा त्यांच्यावर रोखला आणि त्या हुकुमाच्याच भाषेत म्हणाल्या,



“तरी आपण सदर हुकूम रांगेसमक्ष स्वहस्ते फाडून शेवट गोड करावा, ही नम्र विनंती.”