रेषेबाहेरचा पाय

दर दिवाळीला फराळाच्या ताटापुढे तेच भांडण व्हायचं.

"माझा पाय रेषेबाहेर गेलाच नव्हता," विष्णू खोत म्हणायचा.

"गेला होता," नार्वेकर मास्तर चिवडा चावत म्हणायचे.

विष्णू विशीत असताना कबड्डीच्या अंतिम सामन्यात पंच म्हणून मास्तरांनी त्याला बाद दिलं होतं. तो अंगावर धावून आला, लोकांनी लाल माती उधळली, पण मास्तरांनी निर्णय बदलला नाही. सामना संपल्यावर मात्र रडणाऱ्या विष्णूला त्यांनीच सायकलवर डबलसीट घरी सोडलं.

यंदा मास्तर अंथरुणाला खिळले होते. विष्णू त्यांचे पाय चेपत हळूच म्हणाला, "गेला होता, मास्तर. तुमचंच खरं."

मास्तरांनी पाय आखडून घेतले आणि त्याच्याकडे रोखून पाहिलं.

"विष्णू, डॉक्टर काय म्हणाले रे?"