तिरकं अंथरूण

"या कोपऱ्यातून त्या समोरच्या कोपऱ्यात. तिरकं." सुचेताने टेबलावरून बोट फिरवलं. "डायगोनली. आता तुम्ही वाक्य करा."

एंदो-सान एकेक इंग्रजी शब्द जुळवत म्हणाल्या, "माझा नवरा डायगोनली झोपतो."

सुचेताला हसू आलं. "म्हणजे तुम्हाला जागाच देत नाहीत की काय?"

"खोली अरुंद आहे. दाराकडे डोकं केलं तर येता-जाता पाय लागतो. आणि दुसऱ्या बाजूला उत्तर दिशा."

पुढचं सांगावं लागलं नाही. उत्तरेला डोकं करून फक्त मेलेल्या माणसाला ठेवतात, हे सुचेता पुण्याहून शिकूनच आली होती. इथे जपानात, सेंदाईतही तेच म्हटल्यावर तिला उगाच माहेरासारखं वाटलं.

एंदो-सान तिच्या खालच्या मजल्यावर राहत. मुलगा कॅनडात. तो आईला कायमचं बोलावत होता, म्हणून या वयात इंग्रजीचा खटाटोप. पण यजमान अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेले, त्यांना टाकून जाणार कशा? सरकत्या दारापलीकडून ते शिकवणी ऐकत. "माझ्याआधी त्यांचंच पाठ होतं," एंदो-सान सांगत, "पडल्या पडल्या पुटपुटत असतात." सुचेताने त्यांना कधी पाहिलं नव्हतं. अशी सेवा माझ्याच्याने व्हायची नाही, असं ती घरी नवऱ्याला, नरेंद्रला, नेहमी म्हणायची, आणि मनापासून म्हणायची.

पुढच्या शिकवणीला गेली तेव्हा दारातच मोठी बॅग भरून उभी होती.

"आज मी वाक्य तयार ठेवलंय," एंदो-सान हळू आवाजात म्हणाल्या. "माझा नवरा आता डायगोनली झोपत नाही."

सुचेता बूट काढता काढता थांबली. "कधी?"

"सकाळीच गादी सरळ केली."

"मुलाला कळवलंत?"

"हो. तिकीटही काढलं त्याने."

"आणि डॉक्टर?"

"त्यांना संध्याकाळी बोलावलंय."

एंदो-साननी दार सरकवलं. खिडकी सताड उघडी होती आणि खोलीत बर्फासारखी थंडी होती. गादी अगदी सरळ, उशी उत्तरेला, चेहऱ्यावर पांढरं कापड. उशाशी उदबत्ती जळत होती.

"बसा. मी चहा ठेवते," एंदो-सान म्हणाल्या. "कापड मात्र काढू नका हं. तशी रीत आहे."

सुचेता गुडघ्यांवर बसली. न पाहिलेल्या माणसासाठी इतकं रडू येईल असं तिला वाटलं नव्हतं. तिने हात जोडले, डोळे मिटले. स्वयंपाकघरात नळ सुरू झाला.

मग अगदी जवळून, कापडाखालून, तिने शिकवलेल्या उच्चारात कुणीतरी पुटपुटलं, "डायगोनली... प्लीज."